बाबेलात लावलेलं सीताफळ

नाताळ अंकासाठी काही लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. पवित्र शास्त्रावर लिहावं ते चर्चच्या पाळकांनी आणि आजारावर लिहावं ते डॉक्टरांनी. मी दोन्ही नाही. नाशिकच्या बाहेरच्या एका कुष्ठधामात मी बरीच वर्षं जखमा बांधण्याचं काम केलं आणि पाळकसाहेबांना येता येत नसे त्या संध्याकाळी शास्त्रपाठ घेतला, एवढाच माझा अधिकार. माझे वडील दिंडोरीकडे दुसऱ्याच्या द्राक्षबागेत राबले. सहीच्या जागी ते अंगठा देत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे छापायला चार ओळी देताना अजूनही कुणाच्या तरी ओसरीवर न विचारता बसल्यासारखं वाटतं. काही अधिक-उणं लिहून गेलो तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं काम काय असतं ते आधी सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं तसं ते नसतं. पाहुणे येत, नाकाला रुमाल लावत आणि विचारत, ‘तुम्हाला भीती नाही वाटत?’ भीती महिन्याभरात जाते. वासाचीही सवय होते. जात नाही तो शीण. हा रोग माणसाची बोटं खातो असं लोक समजतात. तो खातो फक्त दुखणं. हाताला भाजलेलं कळत नाही, पायाला टोचलेलं कळत नाही. मग माणूस चुलीवरचं तापलेलं पातेलं उघड्या हातानं उतरवतो, चपलेत खडा घेऊन दिवसभर फिरतो आणि जखमेवर जखम होत बोटं झिजत जातात. म्हणून रोज सकाळी बाकावर ओळीनं बसवून एकेकाचा तळवा उलटा करून बघायचा. त्यांच्या वाटचं दुखणं आम्ही शोधून काढायचं, असं ते काम.

आमच्याकडे एक पैलवान होते. एकेकाळी यात्रांमध्ये कुस्त्या मारलेले. एक दिवस ते फाटकापासून माझ्याशी गप्पा मारत बाकापर्यंत आले. मी पाय उलटा केला तर चपलेतून खिळा थेट टाचेत.

‘पैलवान, खिळा घुसलाय.’

‘असंल. मी त्याला त्रास देत नाय, तो मला देत नाय. तुला का रं एवढी घाई?’

हसू यायचं, पण ते दुपारपर्यंत टिकायचं नाही. कारण ती टाच भरायला पावसाळा गेला आणि दिवाळीत पुन्हा फुटली. मला काम शिकवणारे जुने ड्रेसर याकोबमामा म्हणायचे, ‘पोरा, जखम भरली म्हणून नाचू नको. जखम फिरून येते. फिरून जात नाही ते माणूस, आपल्या घरी.’

ते खरंच होतं. गोळ्या घेऊन रोग थांबलेले कितीतरी जण तिथं होते. त्यांना धरून ठेवणारं कुणी नव्हतं, नेणारंही नव्हतं. तरी जो तो उद्या निघायचं आहे अशाच बेतानं राही. प्रत्येकाच्या खोलीपुढे हातभर वाफा असे. त्यात मेथी लावत, कोथिंबीर, मुळा, फार तर मिरची. महिन्या-दोन महिन्यांत निघेल तेवढंच. झाड कुणी लावत नसे. झाड लावलं म्हणजे फळापर्यंत थांबायचं कबूल केलं, आणि जो थांबला तो इथलाच झाला, असा तिथला समज. फार पूर्वी एकानं पेरू लावला आणि तो इथंच मेला. त्या झाडाचे पेरू सगळे आवडीनं खात आणि लावणाऱ्याला शिव्या देत. नव्यानं आलेल्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगे, ‘मेथी लाव बाबा, मेथी.’

त्या मेथीवाल्यांत द्रौपदाबाई होती. चांदवडच्या पुढच्या एका खेड्यातली. नवरा आधीच वारलेला. अंगावर चट्टे उठले तेव्हा दिरानं तिला एसटीनं इथं आणलं, फाटकाबाहेरच्या दगडावर बसवलं आणि ‘चहा घेऊन येतो’ म्हणून तो गेला. मागे पाच वर्षांचा मुलगा होता, रामनाथ. मी कामाला लागलो तेव्हा या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली होती आणि तिची थट्टा झाली होती. पैलवान तिला रोज विचारत, ‘काय द्रौपदाबाई, आला का च्या?’ ती म्हणे, ‘दूध मिळाना वाटतं त्याला.’ तिची बोटं आखडली होती, भुवया गेल्या होत्या. पण खुंटीला एक गाठोडं कायम बांधलेलं असे. दर दिवाळीला ती ते सोडून, लुगडं झटकून, पुन्हा बांधे.

मी सकाळचं काम आटोपून दुपारी कॉलेजला जाई. कॉलेजात माझ्या कपड्यांना औषधाचा वास येतो म्हणून शेजारचा बाक बहुधा रिकामा राही. घरी गेलो की वडील माझ्याशी जपून बोलत, परक्या साहेबाशी बोलावं तसं. मी घरचा राहिलो नव्हतो आणि कॉलेजचा झालो नव्हतो. अशा दिवसांत एका सुट्टीतल्या शिबिरात मी एका म्हाताऱ्या पाळकांचं बायबलमधल्या बंदिवासावरचं व्याख्यान ऐकलं.

ज्यांना ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यरुशलेम नगर पडलं, मंदिर जळालं, राजा गेला आणि तिथल्या लोकांना शत्रूनं धरून दूर आपल्या बाबेल देशी नेलं. लवकरच परत जाऊ, या आशेवर ते सामान बांधून बसले. तेव्हा यिर्मया संदेष्ट्यानं त्यांना उलटाच निरोप धाडला. घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, ज्या नगरात आहात त्याचं भलं मागा. त्या पाळकांचं म्हणणं असं की बंदिवास ही नुसती शिक्षा नव्हे. ज्या ज्या गोष्टींना माणूस टेकून उभा असतो त्या सगळ्या काढून घेतल्या जातात, आणि मग परक्या नदीकाठी त्याला कळतं की देव मागे जळक्या मंदिरात राहिलेला नाही, तो बरोबर चालत आलेला आहे. प्रत्येकाचं एक बाबेल असतं. परतीची वाट पायांच्या आधी मनात सुरू होते. जुनं मन तिथं मरतं, नवं मिळतं.

मला ते अतिशय पटलं. खरं तर ते माझ्यासाठीच बोलले असं वाटलं. पुढच्याच आठवड्यात मी कुष्ठधामाच्या व्हरांड्यात शास्त्रपाठाला हाच विषय घेतला. ऐकायला सगळ्या धर्मांचे लोक बसत, कारण त्या वेळी दुसरं काही करायला नसे. पाठ घेतो म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. मी उत्साहानं सांगत सुटलो.

पैलवानांनी मध्येच विचारलं, ‘मास्तर, हे बाबेल कुठं आलं? मनमाडच्या अलीकडं का पलीकडं?’

‘फार लांब, पैलवान. आणि एका अर्थानं इथंच. आपल्या आत.’ मग मी म्हणालो की ज्या गावाला आपण परत जायचं म्हणतो तेही शेवटी आपल्या आतच असतं.

द्रौपदाबाई खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, ‘नाय मास्तर. माझं गाव आत नाय. चांदवडच्या फुडं हाय. एसटी जाती.’

सगळे हसले. मीही हसलो.

‘त्यातलं कुणी घरी गेलं का नाय?’ तिनं विचारलं.

‘गेले. सत्तर वर्षांनी.’

‘आवो, मग ते नायच गेले. त्यांची नातवंडं गेली.’

मी प्रार्थना करून पाठ लवकर संपवला. त्यानंतर बरेच दिवस मी बंदिवासाच्या वाटेला गेलो नाही. मी पगार घेऊन, स्वतःच्या पायानं रोज फाटकाबाहेर पडणारा माणूस. ज्यांना खरंच हाकललं त्यांना ‘हाकलणं मनातलं असतं’ हे सांगणारा मी कोण, हे मला तेव्हा टोचलं ते अजून टोचतं. आणि तरीही तो अर्थ खोटा आहे असं काही मला म्हणवेना.

वर्षं गेली. मी बी.ए. झालो, काम तेच राहिलं. मग नव्या गोळ्या आल्या. पूर्वी जन्मभर घ्यावं लागणारं औषध आता थोडक्यात आटोपू लागलं आणि एक दिवस डॉक्टरांनी द्रौपदाबाईला स्वच्छ सांगितलं, ‘बाई, तुमचा रोग गेला. कुणाला काही होणार नाही. घरी जा.’

ती ड्रेसिंगच्या खोलीत आली ती गाठोडं घेऊनच. ‘मास्तर, तुम्ही चला संगं. तुम्ही शिकल्याले. तुम्ही सांगितल्यावर पोरगं ऐकंल.’

याकोबमामांनी मला बाजूला घेतलं. ‘जातोस तर जा. पण परतीचं तिकीट दोघांचं धर.’ मला त्यांचा राग आला.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. नाशिकच्या द्वारका चौकात आम्ही एसटीत बसलो. तिनं डोईवरून पदर घट्ट घेतला होता, हात पदराखाली. चांदवडला उतरून पुढे चालत निघालो. तिला वाट विचारावी लागली नाही. ओढा ओलांडताना ती म्हणाली, ‘इथं पूल झाला की!’ आणि पुलावर उभी राहून तिनं खाली वाकून पाहिलं, ओढा आहे ना याची खात्री केल्यासारखं.

मळ्यातल्या घरापुढे एक तरुण कांदे साठवायची रिकामी चाळ झाडत होता. नाक तिचंच होतं. मी म्हणालो, ‘तुम्ही रामनाथ ना? मी नाशिकहून आलो. ह्या तुमच्या आई.’

त्यानं खराटा खाली ठेवला. रागावला नाही, ओरडला नाही. मला समजावल्यासारखा म्हणाला, ‘साहेब, तुमची गफलत व्हतीय. माझी आई मी ल्हान असतानीच वारली. दहावं झालं तिचं. मला आठवतंय ना. चुलत्यानं मांडीवर घेतलं व्हतं, न्हाव्यानं डोकं केलं. मी रडाया लागलो म्हून रेवड्या दिल्या.’

‘कुठं रं?’ द्रौपदाबाईनं विचारलं. पहिल्यांदाच बोलली.

‘नाशकाला. गंगेवर.’

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. दहावं करायला जिल्ह्यातून लोक तिथं येतात.

‘कंदी?’

‘पावसाळा सरताना. पानी लय व्हतं गंगेला.’

ती खालीच बसली. ‘आरं, तवा मी तिथंच व्हते की,’ ती म्हणाली. ‘गंगेपासून दोन-तीन कोसावर. येवढ्या जवळ आला व्हतास व्हय तू!’

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. पदर सरकला होता. आतून त्याची बायको दारात आली, तिनं एकदा पाहिलं आणि ती आत गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन आली. द्रौपदाबाईनं कप दोन्ही तळव्यांत धरला आणि मला म्हणाली, ‘आला म्हणायचा च्या एकदाचा. पैलवानाला सांगा.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्या नाही.

रामनाथला आता कळलं होतं. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, रोग गेला, धोका नाही, शिकलेल्या माणसानं सांगावं तसं सविस्तर. तो मान हलवत होता. मग म्हणाला, ‘साहेब, तुमचं समदं खरं असंल. पन चुलत्याच्या पोरीचं लगीन ठरलंय. आई म्हनलं तर गाव इचारंल, मंग दहावं कुनाचं घातलं? आमी समदेच खोटे पडू.’ तिच्याकडे न बघता तो पुढचं वाक्य बोलला. ‘मावशी म्हून ऱ्हावा. कायम ऱ्हावा. खळ्यातली खोली रिकामी करून देतो.’

मला वाटलं, हेही काही कमी नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती उठत होती.

‘नको बाबा. मावशी व्हायला मी येवढ्या लांबून नाय आले.’

तिनं घराकडे पाठ केली ती केलीच. आम्ही पुलापर्यंत आलो तेव्हा मागून तो पळत आला. उपरण्यात चार-पाच सीताफळं होती. धापा टाकत त्यानं ती माझ्या हातात दिली आणि मलाच म्हणाला, ‘घराम्हागचं झाड हाय. आईनं लावलंय म्हनत्यात.’

एसटीत तिनं सीताफळं खाल्ली. आखडलेल्या बोटांनी गर काढणं सोपं नसतं, पण तिनं मला सोलू दिलं नाही. बिया पदराच्या टोकाला बांधत होती. मला वाटलं काहीतरी धीराचं बोलावं. मी तोंड उघडलं तशी ती म्हणाली, ‘मास्तर, आज बाबेलचं नका सांगू.’ मी नाही सांगितलं. परतीचं तिकीट मी आधी काढलं नव्हतं, एवढंच एक समाधान.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तर तिच्या खोलीपुढे गलका. तिनं वाफ्यातली मेथी उपटून टाकली होती आणि खुरप्यानं खोल खड्डा करून बिया लावत होती. शेजारणी ओरडत होत्या.

‘अगं बये, झाड लावतीस? इथंच मरायचंय का तुला?’

‘मेलेच की मी,’ द्रौपदाबाई म्हणाली. ‘दहावं झालंय माझं, गंगेवर. एकदा मेल्यावर कशाचं भ्या? व्हा बाजूला, माती पडती अंगावर.’

पैलवान काठी टेकत बघत होते. शेवटी म्हणाले, ‘पानी तरी घाल बये.’ आणि स्वतःच बादली आणायला गेले.

त्या आठवड्यात तिनं आपण होऊन मला विचारलं, ‘ते घरी गेलेल्यांचं फुडं काय झालं? नातवंडांचं?’ मी व्हरांड्यात तो भाग वाचला. परत गेल्यावर त्यांनी मंदिराचा नवा पाया घातला. तरुण आनंदानं ओरडू लागले आणि ज्यांनी जुनं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं ते म्हातारे मोठ्यानं रडू लागले. दोन्ही आवाज इतके मिसळले की रडणं कुठलं आणि आनंद कुठला हे लांबच्या माणसाला ओळखू येईना.

‘म्हंजे गेलेल्यांना बी रडू आलं,’ ती म्हणाली. ‘मंग ठीक. मला वाटलं मलाच.’

मी काही अर्थ सांगितला नाही. त्या शिबिरातल्या पाळकांचं व्याख्यान मला पाठ होतं, पण ते मला नीट ऐकू आलं ते त्या दिवशी. जुनं मन मरून नवं मिळतं हे त्यांनी म्हटलं होतं. त्या मरण्यात मुलानं मुंडण केलेलं असतं, हे मात्र मला माहीत नव्हतं. तिनं बाप्तिस्मा घेतला नाही आणि मीही कधी सुचवलं नाही. पाळकसाहेबांना ते आवडलं नसावं.

यावरून कुष्ठधामात सगळे झाडं लावू लागले असं कुणी समजू नये. पैलवानांनी एक लिंबू लावला, तो बकरीनं खाल्ला. बाकीच्यांची मेथी तशीच राहिली. एक जण असाच हट्टानं घरी गेला आणि पावसाळ्यात कुजलेला पाय घेऊन परत आला. द्रौपदाबाईच्या खुंटीवर मात्र गाठोडं दिसेना. तिनं ते सोडलं आणि लुगडं नेसायला काढलं. नव्या आलेल्यांचे पाय ती सकाळी आमच्या आधी तपासून ठेवू लागली. वाकडी बोटं, पण डोळा नेमका. ‘ह्याच्या टाचंला बघा मास्तर, लाल हाय’ म्हणून हाक मारी.

नव्या गोळ्यांमुळे नवे रोगी आपापल्या घरीच औषध घेऊ लागले. चांगलंच झालं. कुष्ठधाम ओस पडत चाललं आणि मीही थकलो होतो. दिंडोरीकडे एका शाळेत कारकुनाची जागा मिळाली तेव्हा मी ती घेतली. निघताना झाड माझ्या छातीएवढं होतं. ‘फळ धरल्यावर या,’ ती म्हणाली. मी हो म्हटलं. शाळा, वडिलांचं आजारपण, पुढे त्यांचं जाणं, यात माझं जाणं झालं नाही.

या उन्हाळ्यात द्वारकेवर बसची वाट बघताना याकोबमामा भेटले. खूप वाकले आहेत. मी सगळ्यांची चौकशी केली. ते म्हणाले, ‘तुला कळलं नाही का? द्रौपदा गेली. शिमग्याच्या आधी. झोपेतच.’

‘गावाकडे कळवलं?’

‘कुष्ठधामाच्या साहेबांनी माणूस धाडला. मी म्हटलं, कशाला, त्यांचं तर सगळं कधीच उरकलंय. मातीला कुणी आलंही नाही. पण दहाव्या दिवशी सकाळी तो पोरगा फाटकाशी उभा. एकटाच. तिची खोली बघितली, झाड बघितलं. मला म्हणाला, गंगेवर याल का संगं, मला कुणी नाही. मग गेलो.’

त्यांची बस आली होती. त्यांनी पिशवी उचलली, पण पाऊल उचललं नाही.

‘घाटावर एक म्हातारा न्हावी होता. त्यानं वस्तरा काढला आणि विचारलं, कोण गेलं? मला वाटलं, हा आता मावशी म्हणणार. तो खाली मान घालून पुटपुटला. न्हाव्याला ऐकू कमी. तो म्हणाला, मोठ्यानं बोल, कोण गेलं तुझं?’ याकोबमामांनी माझा दंड धरला. ‘आजूबाजूला चांदवडकडचीच माणसं होती रे, दुसऱ्या कुणाच्या दहाव्याला आलेली. त्यांच्याकडे त्यानं एकदा बघितलं. आणि मग मोठ्यानं म्हणाला, आई.’